आपापल्या अंगणातून

मुलांनो, आज सकाळी शाळेत येताना तुम्ही काय काय पाहिले?

"काही विशेष नाही," असे तुमच्यापैकी बरेच जण म्हणतील. रोजचाच रस्ता, रोजचीच झाडे, विजेच्या तारेवर बसलेले तेच ते कावळे! त्यात सांगण्यासारखे काय असणार? पण हाच प्रश्न तुम्हांला दूर देशातील एखाद्या मित्राने विचारला, तर? त्याने तुमचा रस्ता पाहिलेला नाही. तुमचे कावळेही पाहिलेले नाहीत. तुम्हांला जे रोजचे वाटते, ते त्याला नवे असते. आणि त्याला जे रोजचे वाटते, ते ऐकून तुम्ही थक्क होता.

समजा, तुमची एक मैत्रीण अमेरिकेतील बॉथेल या गावी राहते. तुमचा एक मित्र मॉरिशस बेटावर राहतो. तिघांनी मिळून ठरवले आहे, की आपापल्या अंगणात जे दिसेल ते एकमेकांना लिहून कळवायचे. मग या तिघांना काय काय सापडेल? चला, पाहू या.

आधी आपल्या मित्रांची गावे कोठे आहेत ते नकाशात शोधा. बॉथेल हे गाव अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यात आहे. सिएटल या मोठ्या शहरापासून ते जवळच आहे. २०२० च्या जनगणनेनुसार गावाची वस्ती सुमारे ४८ हजार होती. गावातून सॅमामिश नावाची नदी वाहते. शेजारच्या रेडमंड येथे संगणकाच्या व्यवसायातील एका जगप्रसिद्ध कंपनीचे मुख्य कार्यालय आहे. अशा कामांच्या निमित्ताने भारतातील अनेक कुटुंबे त्या परिसरात राहायला गेली. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत.

मॉरिशस हे हिंदी महासागरातील एक छोटे बेट आहे. ते विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. १८३४ पासून भारतातील हजारो मजूर तेथे उसाच्या मळ्यांत काम करण्यासाठी गेले. त्यांत कोकणातील लोकही होते. त्यांची नातवंडे-पतवंडे आज घरी बहुधा क्रिओल भाषा बोलतात. पण तेथील शाळांमध्ये मराठीही शिकवली जाते. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते.

तिसरे गाव तुमचे. ते मात्र तुम्हीच ओळखता!

एकाच वेळी तीन वेळा

आता पहिली गंमत पाहा. महाराष्ट्रात सोमवारी सकाळचे सात वाजले आहेत. तुम्ही दप्तर भरत आहात. त्याच क्षणी मॉरिशसमध्ये पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. तुमचा मित्र अजून अंथरुणात आहे. आणि बॉथेलमध्ये? तेथे चक्क रविवारची संध्याकाळ आहे! तुमच्या मैत्रिणीची सुट्टी अजून संपलेली नाही.

तेथे उन्हाळ्यात त्या वेळी साडेसहा वाजलेले असतात, तर हिवाळ्यात साडेपाच. असे का? कारण तेथील लोक मार्च महिन्यात आपली घड्याळे एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबर महिन्यात पुन्हा एक तास मागे करतात. उन्हाळ्यातील संध्याकाळच्या उजेडाचा उपयोग व्हावा, म्हणून ही रीत पडली.

कावळ्यावरून भांडण

समजा, तुमच्या मैत्रिणीने लिहिले, "आमच्याकडे कावळे खूप आहेत. कावळा डोक्यापासून शेपटीपर्यंत काळाभोर असतो."

तुम्ही लगेच उत्तर लिहिले, "चूक! कावळ्याची मान राखाडी असते. मी रोज पाहतो."

तीही रोज पाहते. तुम्हीही रोज पाहता. मग खोटे कोण बोलते? अशा वेळी मित्रांत भांडण व्हायला वेळ लागत नाही.

खरे तर दोघेही खरेच बोलत आहात. आपल्या घराभोवती जो जास्त दिसतो, तो गावकावळा. त्याची मान आणि छाती राखाडी असते. बॉथेलमधील कावळा निराळ्या जातीचा. त्याला अमेरिकन कावळा म्हणतात. तो सगळाच काळा असतो. आपल्याकडेही एक काळाकुट्ट, जाड चोचीचा कावळा आहे. त्याला डोमकावळा म्हणतात. तुम्ही नीट पाहिलेत, तर तो तुम्हांलाही दिसेल.

म्हणजे भांडणाने जे कळले नसते, ते पुन्हा एकदा नीट पाहिल्याने कळले. "तुझे चूक" असे लिहिण्याऐवजी "तुझ्या कावळ्याची चोच कशी आहे? मान कशी आहे?" असे विचारले, तर मैत्री टिकते आणि माहितीही वाढते.

कावळ्यांची वस्ती

बॉथेलच्या कावळ्यांची आणखी एक गोष्ट ऐका. त्या गावात वॉशिंग्टन विद्यापीठाचे एक आवार आहे. आवाराला लागून सुमारे ५८ एकर पाणथळ जमीन आहे. पूर्वी तेथे गुरांची कुरणे होती. तेथून वाहणारा नॉर्थ क्रीक नावाचा ओढा माणसांनी खणून सरळ करून टाकला होता. विद्यापीठाचे आवार बांधताना लोकांनी ठरवले, की ही जमीन पुन्हा पहिल्यासारखी करायची. त्यांनी ओढ्याला पुन्हा वळणे दिली. काठावर तेथलीच झाडे व झुडपे लावली. काही वर्षांत ती झाडे वाढली आणि तेथे दाट राई झाली.

मग कावळ्यांनी ही जागा हेरली! शरद ऋतूपासून हिवाळा संपेपर्यंत रोज संध्याकाळी चहूकडून कावळ्यांचे थवे तेथे येतात. दहा हजारांहून अधिक कावळे एका रात्रीसाठी एकत्र जमतात. आकाश काळे होऊन जाते. कावकाव इतकी, की शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येऊ नये. विद्यापीठातील मुले आणि गावकरी हा सोहळा पाहायला मुद्दाम थांबतात. सकाळ झाली, की सारे कावळे पुन्हा पांगतात.

डिसेंबर महिन्यात बॉथेलमध्ये दुपारी साधारण चार वाजून वीस मिनिटांनीच सूर्य मावळतो. त्या वेळी महाराष्ट्रात दुसऱ्या दिवसाची पहाट झालेली असते. घड्याळात सहा वाजायला दहा मिनिटे कमी असतात. म्हणजे तिकडचे कावळे झोपायला येतात आणि इकडचे कावळे उठण्याच्या तयारीत असतात. जगात कोठे ना कोठे कावकाव चालूच असते!

कावळा हुशार असतो, हे आपली आजी सांगतेच. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील जॉन मार्झलुफ या शास्त्रज्ञांनी ते तपासून पाहिले. २००६ साली त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी गुहेत राहणाऱ्या आदिमानवाचा मुखवटा घालून सात कावळे पकडले. पायांत खुणेच्या कड्या घालून लगेच सोडूनही दिले. पण कावळे ते विसरले नाहीत. तो मुखवटा घालून कोणीही फिरू लागले, की कावळे मोठ्याने ओरडत त्याच्या मागे लागत. पुढे पुढे तर ज्यांना कधी पकडलेच नव्हते, असे कावळेही ओरडू लागले. एकाने पाहिलेले दुसऱ्याला कळले होते. कावळेसुद्धा आपले अनुभव एकमेकांना सांगतात, मग आपण का सांगू नयेत?

पावसाळा कधी असतो?

"पावसाळा कधी असतो?" या प्रश्नाचे उत्तर तुम्हांला पाठ आहे. जून ते सप्टेंबर. पण हे उत्तर सगळ्या जगाला लागू पडत नाही.

बॉथेलमध्ये जुलै आणि ऑगस्ट हे सर्वांत कोरडे महिने असतात. आपल्याकडे छत्र्या निघतात, तेव्हा तेथील मुले उन्हात खेळत असतात. तेथे पाऊस येतो तो ऑक्टोबरपासून. तो आपल्या पावसासारखा धो धो कोसळत नाही. दिवसच्या दिवस भुरभुर पडत राहतो. वर्षभराचा पाऊस मोजला, तर तो कोकणातील पावसाच्या निम्म्याहूनही कमी भरतो. मॉरिशसमध्ये जोराचा पाऊस पडतो तो डिसेंबर ते मार्च या महिन्यांत. त्याच दिवसांत तेथे चक्रीवादळेही येतात.

म्हणून मित्राला नुसते "आमच्याकडे पावसाळा आहे" असे लिहू नका. कोणता महिना, किती वेळ पाऊस पडला, सर मोठी होती की रिमझिम, हे लिहा. शब्द एकच असला, तरी प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे चित्र वेगळे असते.

उलटे पोहणारे मासे

शरद ऋतूत बॉथेलच्या सॅमामिश नदीतून सॅमन जातीचे मासे प्रवाहाच्या उलट दिशेने पोहत जातात. हे मासे वरच्या बाजूच्या ओढ्यांत जन्मतात. लहानपणीच ते समुद्राकडे जातात. काही वर्षे पॅसिफिक महासागरात वाढतात आणि मग अंडी घालण्यासाठी आपल्याच ओढ्याकडे परत येतात. ओढ्याच्या पाण्याचा वास त्यांना वाट दाखवतो. वाटेत सिएटल येथे बंधाऱ्याची दारे लागतात. ती १९१७ मध्ये सुरू झाली. तेथे माशांना वर चढता यावे, म्हणून पाण्याचा जिनाच बांधलेला आहे! अंडी घालून झाली, की हे मासे मरून जातात.

हे वाचून तुमच्यापैकी कोकणातील मुले म्हणतील, "हात्तिच्या! आमच्याकडेही मासे चढतात." अगदी बरोबर! मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला, ओढे-नाले भरून वाहू लागले, की मासे प्रवाहाविरुद्ध चढत भातखाचरांत येतात. त्यांना वलगणीचे मासे किंवा चढणीचे मासे म्हणतात. तेही अंडी घालण्यासाठीच चढत असतात. अंडी घालण्याआधीच सारे मासे पकडले, तर पुढच्या वर्षी मासे कोठून येणार? हा प्रश्न बॉथेलमधील लोकांपुढे आहे आणि आपल्यापुढेही आहे. पाहा, दोन गावे किती दूर, पण काळजी सारखीच!

तीन काठ्या, तीन सावल्या

आता एक प्रयोग. समजा, तिघांनी मोकळ्या जागेत एक मीटर उंचीची काठी सरळ उभी केली. दिवस २२ डिसेंबर. सूर्य आकाशात सर्वांत उंच असताना तिघांनी आपापल्या काठीची सावली मोजली.

पुण्यात सावली भरली सुमारे ९० सेंटिमीटर. मॉरिशसमध्ये सावली कशीबशी पाच-सहा सेंटिमीटर! आणि बॉथेलमध्ये सुमारे २९० सेंटिमीटर, म्हणजे काठीच्या जवळजवळ तिप्पट.

काठी सारखी, दिवस सारखा, मग सावल्या वेगळ्या का? त्या दिवशी सूर्य दक्षिणेकडे असतो. मॉरिशसमध्ये तो जवळजवळ डोक्यावर येतो, म्हणून तेथे भर उन्हाळा असतो. बॉथेल फार उत्तरेला आहे. तेथे सूर्य भर दुपारीही क्षितिजाजवळच दिसतो. दिवसही जेमतेम साडेआठ तासांचा असतो. जून महिन्यात मात्र तेथे दिवस सुमारे सोळा तासांचा होतो. रात्री नऊ वाजले, तरी बाहेर उजेड असतो. "झोपायची वेळ झाली," असे आई सांगते आणि खिडकीत अजून ऊन दिसते!

आपल्याकडे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली काही क्षण नाहीशी होते. पुण्या-मुंबईकडे असा दिवस मे महिन्यात येतो. बॉथेलमधील तुमच्या मैत्रिणीला तिच्या गावात हे कधीच पाहायला मिळणार नाही. म्हणून तुम्ही ते पाहा आणि तिला कळवा.

तिघांची चिमणी

तिघांच्या अंगणांत सारखे असे काही असेल का? असते ना! चिमणी.

आपल्याकडे ती वळचणीला घरटे करते. भिंतीवरच्या तसबिरीमागेही काड्या आणून ठेवते. अमेरिकेत पूर्वी ही चिमणी नव्हती. १८५० नंतर युरोपातून आणून ती न्यूयॉर्क येथे सोडली गेली. तेथून ती सगळ्या देशभर पसरली. मॉरिशसलाही ती माणसाबरोबरच पोहोचली. आपली साळुंकीही मॉरिशसला आहे. पिकांवरील टोळ खावेत, म्हणून १७६२ च्या सुमारास ती भारतातून तेथे नेली. तुमचा मित्र तिला तिच्या पिवळ्या चोचीवरून आणि डोळ्यांजवळच्या पिवळ्या डागावरून ओळखेल. तुम्हीही तशीच ओळखता.

न लिहिलेला पक्षी

पण मॉरिशसचा एक पक्षी आता कोणालाच दिसत नाही. त्याचे नाव डोडो. तो बदकापेक्षा पुष्कळ मोठा होता. त्याला उडता येत नसे. १५९८ साली डच खलाशी त्या बेटावर उतरले. तेव्हा त्यांना डोडो रोज दिसत होता. माणसांनी त्याची शिकार केली. माणसांबरोबर आलेल्या उंदरांनी, डुकरांनी आणि माकडांनी त्याची अंडी खाल्ली. जंगले तुटली. शंभर वर्षे होण्याच्या आतच डोडो पृथ्वीवरून नाहीसा झाला.

त्याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. डोडो रोज दिसत असे, तेव्हा त्याची नीट नोंद कोणी केली नाही. तो आपल्या पिलांना काय भरवत असे? त्याचा आवाज कसा होता? आज हे खात्रीने सांगणारे कोणी नाही. "रोजचाच तर पक्षी, त्यात काय लिहायचे?" असेच त्या खलाशांना वाटले असेल. तो गेला आणि त्याची हकिकतही त्याच्याबरोबर गेली.

म्हणून रोजचे लिहून ठेवायचे. कोणती गोष्ट उद्या दिसणार नाही, हे आज आपल्याला ठाऊक नसते.

सगळ्यांनी मिळून मोजले, तर

आता जगातील पुष्कळ माणसे हेच काम करू लागली आहेत. १९९८ साली अमेरिकेत अंगणातील पक्षी मोजण्याचा एक कार्यक्रम सुरू झाला. दर वर्षी फेब्रुवारी महिन्यात चार दिवस तो चालतो. २०१३ पासून साऱ्या जगातील लोक त्यात भाग घेऊ लागले. निदान पंधरा मिनिटे एका जागी थांबायचे, दिसलेले पक्षी ओळखायचे, मोजायचे आणि कळवायचे. बस्स, एवढेच! भारतातील शाळा व महाविद्यालयांतील मुलेही यात असतात.

अशा छोट्या नोंदींचा उपयोग काय, असे तुम्ही विचाराल. चिमण्या कमी झाल्या, असे आपल्याकडे सगळेच म्हणत होते. पण खरेच किती कमी झाल्या? कोठे कमी झाल्या? २०२० साली भारतातील पक्ष्यांविषयी एक मोठा अहवाल तयार झाला. त्यासाठी पंधरा हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांच्या एक कोटीहून जास्त नोंदी वापरल्या होत्या. त्यावरून कळले, की देशभरात मिळून चिमण्यांची संख्या फारशी बदललेली नाही. मुंबईसारख्या मोठ्या शहरांत मात्र त्या कमी होत आहेत. कोणीतरी आपल्या अंगणातील चिमण्या मोजून लिहिल्या होत्या, म्हणूनच हे कळले.

तुम्हीही लिहा

मुलांनो, तुम्हीही एक वही घाला. तिला 'अंगणाची वही' असे नाव द्या. रोज चार ओळी लिहा. लिहिताना तारीख, वेळ आणि ठिकाण विसरू नका. "खूप पक्षी होते" असे लिहू नका; मोजा आणि आकडा लिहा. पाहिलेले आणि ऐकलेले वेगवेगळे लिहा. नाव ठाऊक नसले, तर रंग, आकार आणि आवाज लिहा.

दूरच्या मित्रांना लिहायचे असेल, तर आईवडिलांना किंवा गुरुजींना, बाईंना सांगूनच लिहा. आपल्या घराचा पत्ता किंवा दूरध्वनी क्रमांक अनोळखी माणसाला देऊ नका. मित्राच्या गावची रीत वेगळी दिसली, तर "तुमच्याकडे असे कसे?" म्हणून हसू नका. "तुमच्याकडे हे कसे करतात?" असे विचारा.

उद्या शाळेत येताना तुम्ही काय काय पाहिले, असे कोणी विचारले, तर "काही विशेष नाही" असे म्हणू नका. रस्त्यातील पहिला कावळा पाहा. त्याची मान कोणत्या रंगाची आहे? तेथून सुरुवात करा.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बॉथेल गावातून कोणती नदी वाहते?
(आ) गावकावळा आणि अमेरिकन कावळा यांच्या रंगात काय फरक आहे?
(इ) कोकणातील चढणीच्या माशांना दुसरे कोणते नाव आहे?
(ई) साळुंकी भारतातून मॉरिशसला कशासाठी नेली?

प्र. २. कारणे सांगा.
(अ) २२ डिसेंबरला बॉथेलमधील काठीची सावली मॉरिशसमधील सावलीपेक्षा खूप लांब असते.
(आ) डोडोचा आवाज कसा होता, हे आज खात्रीने सांगता येत नाही.

प्र. ३. विचार करा आणि लिहा.
(अ) कावळ्याच्या रंगाविषयी दोन मित्रांचे भांडण झाले. तुम्ही ते कसे मिटवाल?
(आ) महाराष्ट्रात शनिवारी सकाळचे सात वाजले असतील, तर हिवाळ्यात बॉथेलमध्ये कोणता वार असेल आणि किती वाजले असतील?

प्र. ४. समान अर्थाचे शब्द लिहा.
आकाश, सूर्य, पाणी, मित्र

उपक्रम : शाळेच्या अंगणात सकाळी पंधरा मिनिटे बसा. दिसलेल्या पक्ष्यांची संख्या लिहा. हे आठवडाभर करा आणि वर्गात सर्वांच्या नोंदी एकत्र करून तक्ता तयार करा.